तुझ्या हातचा रस

सुलभा, तुझ्या तेराव्याला मी आले होते. गौरीनं फोन केला होता. "मावशी, तुम्ही आलात तर आईला बरं वाटेल," असं म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं आणि फोनवरच रडायला लागली. मी म्हटलं, येते. विंझरहून सकाळची एसटी धरली, कापूरहोळला बदलली आणि भोरला तुझ्या दारात उतरले. तुझ्याकडं इतक्या माणसांत मी पहिल्यांदाच येत होते. ते पहिल्यांदाच आहे हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

स्वयंपाकघरात बायकांची गर्दी होती. पुऱ्या तळणं चाललं होतं. गौरीनं ओट्याखालच्या कपाटातून बरण्या काढून ओट्यावर ओळीनं मांडल्या होत्या. आंब्याचा रस. मेमध्ये केलेला. काच पुसल्यावर आत तो केशरी रंग तसाच होता. मी त्या लांबूनच ओळखल्या. बरं वाटलं. म्हटलं, चला, आपल्या दोघींचं काहीतरी आज पानात पडतंय.

तुझ्या मोठ्या नणंदबाई मध्यभागी खुर्चीवर बसल्या होत्या. त्या सगळ्या बायकांना सांगत होत्या, "सुलभाच्या हातचा हा शेवटचा रस. दर उन्हाळ्यात एकटी राबायची हो. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही तिनं याला. म्हणून तर आमच्या आईच्या श्राद्धाला भाद्रपदात नैवेद्यावर रस असायचा. नाहीतर बाहेरचं कोण चालवून घेतंय?"

मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही तिच्या शाळेतल्या ना?"

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

सुलभा, मला वाटलं त्यांचाच काहीतरी गैरसमज असेल. म्हातारं माणूस, ऐकलेलं विसरलं असेल. मी गौरीकडं बघितलं. ती मान हलवत म्हणाली, "आई तर म्हणायची, मी सोवळ्यात करते. त्या दिवसांत मला आजोळी धाडायची, कधी जवळ येऊ दिलं नाही." आणि ती कौतुकानं हसली.

तेव्हा कळलं की गैरसमज कुणाचा होता.

रस कुठं व्हायचा, सुलभा? माझ्या घरी व्हायचा. विंझरला, माझ्या मागच्या अंगणात, चुलीवर. आंबे माझ्या सासऱ्यांनी लावलेल्या झाडांचे. शाळेला सुट्टी लागली की तू सकाळच्या गाडीनं यायचीस, पदर खोचायचीस आणि माझ्या सासूबाईंना म्हणायचीस, "आत्याबाई, आज तुमच्या चुलीवर आमचं राज्य."

हे सगळं मला तूच शिकवलंस, ते मी नाकारत नाही. भोरला बायकांसाठी फळं टिकवण्याचं शिबिर होतं, तिथं तू मला ओढून नेलंस. मी म्हणत होते, आमच्याकडं लोणचं-मुरंबा असतो की, हे आणखी कशाला? तू ऐकलं नाहीस. पुढं मी आळस केला तरी तू करू दिला नाहीस. बरणीच्या काठावरून बोट फिरवून बघायचं, कुठं टवका उडालाय का. उडाला असेल तर ती बरणी डाळीला. गरम रस गरम बरणीतच घालायचा. गळ्यापर्यंत भरायचा नाही, वर जागा ठेवायची. लाकडी काडी कडेनं फिरवून आतले बुडबुडे काढायचे. ओल्या स्वच्छ फडक्यानं काठ पुसायचा, कारण रसाचा एक ओघळ राहिला तरी झाकण धरत नाही. झाकण नवं पाहिजे. पातेल्याच्या तळाशी फडकं, बरण्यांच्या डोक्यावरून पाणी, आणि पाणी खळाळायला लागल्यावरच घड्याळ बघायचं, आधी नाही. लिंबू पिळायला मी एकदा विसरले तर भरलेल्या सगळ्या बरण्या तू परत पातेल्यात ओतायला लावल्यास. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, आंबाच हाय तो, इख न्हाई." तू त्यांना म्हणालीस, "आत्याबाई, विषाला वास नसतो. म्हणून तर एवढं करायचं."

मग चिमट्यानं बरण्या बाहेर काढून कोरड्या चादरीवर ठेवायच्या आणि आपण दोघी भिंतीला टेकून बसायचो. थंड होताना झाकणं एकेक करत आत ओढली जायची. टक्. मग थोड्या वेळानं दुसरी. टक्. तू लहान मुलीसारखी बोट वर करायचीस. झाकण मधोमध दाबून बघायचं काम मात्र दुसऱ्या दिवशीचं, आणि ते माझं. तू मुक्काम कधी केला नाहीस. दबून परत वर येणारं झाकण सापडलं तर ती बरणी त्याच दिवशी घरात संपवायची. बाकीच्या मी पुसून, खोक्यात पेंढा घालून ठेवायची. निम्म्या तुझ्या, निम्म्या माझ्या. तुझ्या तू पुढच्या फेरीला न्यायचीस.

एका वर्षी मी पांढऱ्या पट्टीवर महिना लिहून खाली आपली दोघींची नावं घातली होती. तू ती नखानं खरवडलीस. "नावं कशाला गं? आपण काय दुकान काढलंय?" मी म्हटलं, लेकरांना कळू दे की आईनं आणि मावशीनं मिळून केलंय. तू म्हणालीस, "नुसता महिना पुरे. खराब कधी होईल ते कळलं पाहिजे, केलं कुणी ते नाही." त्यावर आपण बराच वेळ वाद घातला. मी हट्टानं माझ्या बरण्यांवर दोन्ही नावं ठेवली. तुझ्या बरण्यांवर नुसता महिना राहिला. मला वाटलं, तुझा स्वभावच तसा, मिरवायला न आवडणारा. मी हे शाळेत चार जणींना सांगितलंसुद्धा, की सुलभाबाई बघा, एवढं करतात पण नाव नको म्हणतात.

तुझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मला हे सगळं आठवत होतं, आणि त्याच वेळी त्या बरण्यांकडं बघताना एक बरणी वेगळी दिसली. ओळीतली शेवटची. आकार तोच, पण झाकण जुनं, कडेला गंज धरलेला. आणि ते वर आलं होतं, फुगलं होतं. काठाखालून रसाचा चिकट ओघळ येऊन वाळला होता.

ही बरणी मी बंद केलेली नव्हती. यंदा मेमध्ये तुला दम लागत होता, तू खुर्ची घेऊन बसली होतीस. भरून झाल्यावर थोडा रस उरला. नवी झाकणं संपली होती. मी म्हटलं, हा आज खाऊन टाकू. तू म्हणालीस, "डब्यात दे, घरी नेते, रात्री जेवणात होईल." म्हणजे जेवणात झाला नाही. तू तो बरणीत भरलास, जुनं झाकण लावलंस, आणि उकळायला अंगात जोर नव्हता म्हणून तसाच ठेवलास. ज्या बाईनं मला एका लिंबासाठी सगळं परत ओतायला लावलं, तिनं हे केलं. तब्येत किती बिघडली होती ते मला तेव्हा कळायला हवं होतं. पण तेही तू सांगितलं नव्हतंस.

गौरीनं पहिली तीच बरणी उचलली. कडेची म्हणून. झाकणाला फडकं लावलं.

मी गप्प बसले असते तर तुझी गोष्ट शाबूत राहिली असती. ते मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. पण बाहेर पन्नास पानं मांडली होती, त्यांत लहान पोरं होती.

"गौरी, ती उघडू नकोस," मी म्हणाले. "फुगलीय ती. आत विष झालेलं असू शकतं. वास घेऊनही बघू नकोस."

नणंदबाई म्हणाल्या, "अहो, सुलभानं केलंय ते. ती किती काळजी घ्यायची तुम्हाला माहीत नाही."

"माहीत आहे. बाकीच्या बरण्यांना काही होणार नाही. ही तेवढी टाका."

"तुम्हाला कसं कळलं कुठली चांगली नि कुठली वाईट?"

"बाकीच्या मी बंद केल्यात," मी म्हणाले. "माझ्या घरी. दरवर्षी तिथंच होतात. ही मी केलेली नाही."

पुरी तळणाऱ्या बाईचा झारा तसाच वर राहिला. तेलात पुरी करपायला लागली तेव्हा तिला भान आलं. नणंदबाईंनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. गाव विचारलं. तेही सांगितलं. पुढं विचारायची त्यांना गरज पडली नाही.

त्या भांडल्या नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. फक्त गौरीला म्हणाल्या, "रस राहू दे आता. बाजारातून श्रीखंड आणायला सांग कुणाला तरी." आणि पदरानं कपाळ पुसत उठून बाहेर गेल्या. फुगलेली बरणी आणि धड बरण्या, सगळ्या एका ओळीत तशाच राहिल्या. वाईट काय आणि चांगलं काय हे मी सांगितलं होतं. तरी सगळ्याच बाद झाल्या.

गौरीचे बाबा, भाऊजी, आत आले. काय झालं ते त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी ती फुगलेली बरणी पिशवीत घालून नीट बांधली आणि मला विचारलं, "हिचं काय करायचं?" मी म्हटलं, खोल पुरा, कुत्र्या-मांजरांना लागू नये. मागच्या बाजूला पेरूच्या झाडापाशी त्यांनी स्वतः खड्डा घेतला. पावसानं माती मऊ होती. मी शेजारी उभी होते. माती लोटताना ते खाली बघूनच म्हणाले, "कांचनताई, तिच्या मनात काही नव्हतं हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं." फावडं टेकवून म्हणाले, "घरात कटकट नको म्हणून ती तसं सांगायची. मीही म्हटलं, कुणाचं काय बिघडतंय?"

"तिच्या मनात नव्हतं ते मला ठाऊक आहे," मी म्हणाले. "तोंडात होतं."

ते पायानं माती दाबत राहिले.

जेवायला मी थांबले नाही. निघताना गौरीनं उरलेल्या बरण्या दोन पिशव्यांत भरून माझ्या हातात दिल्या. "मावशी, या तुम्ही घेऊन जा," म्हणाली. ती माझी वस्तू मला देत होती की घरातून बाहेर काढत होती, ते मला अजून कळलेलं नाही. तिलाही कळलं असेल असं वाटत नाही. तिचे डोळे लाल झाले होते.

घरी आल्यावर आत्याबाईंना मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या चिडतील, तुला चार शिव्या घालतील आणि माझं मन जरा मोकळं होईल. त्या निवांत शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्या कवाच वळखलं व्हतं."

"काय ओळखलं होतं?"

"ती बाय हितं आली की आत भितीकडंला बसून जेवायची. ओट्यावर बस म्हनलं तर म्हनायची, वारं सोसत न्हाई. वारं न्हाई गं. रस्ता सोसत नव्हता तिला. भोरकडची मानसं जात्यात ना गाडीतनं समोरनं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला लई आवडायची ती," आत्याबाई म्हणाल्या, आणि शेंगा फोडत राहिल्या.

त्या दिवसापासून मी हेच करतेय, सुलभा. एकेक आठवण काढते आणि मधोमध दाबून बघते. तुझ्याकडं मी नेहमी दुपारी का यायची? तूच तशी वेळ सांगायचीस, म्हणायचीस, दुपारी निवांत असते. निवांत म्हणजे घरात कुणी नसायचं. गौरीच्या लग्नाला तू मला हॉलवर बोलावलंस, आदल्या दिवशीच्या घरच्या कार्याला नाही. मला त्यात काही वाटलं नव्हतं. तू मला चहा द्यायचीस तो कप पिवळ्या फुलांचा होता. दर वेळी तोच. मी एकदा म्हटलं होतं, हा कप छान आहे गं, म्हणून तू तो माझ्यासाठी ठेवला होतास, अशी माझी समजूत. आता मला आठवत नाही, की मी छान म्हटल्यावर तो माझा झाला, की तो आधीपासूनच माझा होता आणि मी नंतर छान म्हटलं. हे सांगू शकणारी एकटी तू होतीस.

आणि रागानं पेटून उठावं तर दुसरं आठवतं. शाळेतला माझा पहिला दिवस. मधल्या सुट्टीत मी डबा उघडला तशा तिथल्या दोन बायकांनी आपले डबे हळूच टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सरकवले. तू मला ओळखतसुद्धा नव्हतीस. तू उठलीस, खुर्ची ओढत माझ्याजवळ आणलीस, न विचारता माझ्या डब्यातली खुरासणीची चटणी घेतलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणालीस, "बाई, उद्यापासून जास्त आणायची." मी त्या शाळेत पुढची वर्षं ताठ मानेनं काढली ती त्या चटणीच्या जोरावर. माझे वडील गेले तेव्हा तू पावसात आलीस, आमच्या बुद्धवंदनेला पांढरी साडी नेसून खाली बसलीस. माझ्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात माझी वेणी घालायचीस. हे खोटं नव्हतं. ते खोटं असतं तर फार सोपं झालं असतं, मी तुला मनातून काढून टाकलं असतं.

शाळेत तू धीट होतीस. माझ्या घरात तू मोकळी होतीस. फक्त तुझ्या उंबऱ्याच्या आत तुझी हिंमत संपायची. मला ते समजतं. नणंदेशी वर्षानुवर्षं भांडायची ताकद नसते एखादीत. पण निदान मला सांगायचंस. "कांचन, मी घरी असं असं सांगते, मला माफ कर," एवढं म्हणायला चुलीपुढं आपल्याला कितीतरी उन्हाळे मिळाले. मी चिडले असते, आठ दिवस बोलले नसते, मग बोलले असते. बरण्या मी तुझ्या एकटीच्या नावावरही दिल्या असत्या, सुलभा. पण तू मागितल्या असत्यास तर. तू मला न विचारता माझे हात पुसून टाकलेस, बरणीचा काठ पुसावा तसे. आणि मग त्या रसाचा नैवेद्य दाखवलास. देवाला फसवलंस असं मी म्हणत नाही, तो तुमचा प्रश्न. मला फसवलंस.

परत आणलेल्या बरण्यांतली एक आम्ही उघडली. रस चांगला होता. इतका चांगला की मला वाईट वाटलं. आत्याबाईंनी भाकरी बुडवून खाल्ला आणि म्हणाल्या, "हात चांगला हाय तुझा." ह्यांनीही दोन वाट्या घेतल्या. मी अर्धी वाटी घेऊन बसले आणि ती संपवायला मला फार वेळ लागला.

परवा संध्याकाळी गौरीचा फोन आला. आधी तब्येत विचारली, पावसाचं विचारलं. मग अडखळत म्हणाली, "मावशी, एक विचारू? आत्या इथंच आहे अजून. ती सारखी एकच विचारतेय. आई तुमच्याकडं यायची ते ठीक आहे, बरण्यांचं काम असायचं. पण ती तुमच्याकडं जेवायची का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आत्याचं वय झालंय," गौरी म्हणाली. "आजीच्या श्राद्धाचं वगैरे तिनं फार मनाला लावून घेतलंय. तुम्ही जर नाही म्हणालात ना, की फक्त पाणी प्यायची, चहा घ्यायची, तर मी तिला तसं सांगेन. विषय संपेल. बाबाही म्हणाले, कांचनताईंना विचार, त्या समजून घेतील."

बघ, तू गेल्यावरही माझ्याकडं तेच मागितलं गेलं. समजून घे. गप्प बस. आणि गौरीच्या आवाजात तुझाच आवाज होता, ती विनवणी करताना शेवटचा शब्द लांबवते तो तस्सा तुझा. हो म्हणावं असं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. तुझ्या घरात शांतता झाली असती, तुझं नाव राहिलं असतं. पण तसं म्हटलं असतं तर तुला माझ्या भिंतीकडंला बसून घाम पुसत जेवताना मी पाहिलं, तेही मीच पुसून टाकलं असतं. मग माझ्याजवळ तुझं काय राहिलं असतं? तुझं एवढंच तर खरं होतं.

"जेवायची, गौरी," मी म्हणाले. "पोटभर जेवायची. मागून घ्यायची."

"म्हणजे… भाजी-भाकरी?"

"आम्ही जे खायचो ते सगळं. सुकट केली की भाकरी जास्त टाकायला सांगायची."

मी सूड घेतला असं तुला वाटेल. थोडा घेतलाही असेन. मी तुला खोटं सांगणार नाही.

मला वाटलं, फोन ठेवला. मग श्वासाचा आवाज आला. गौरी रडत होती की हसत होती, मला नीट कळलं नाही. दोन्ही असावं.

"आईनं मला कधीच सांगितलं नाही," ती म्हणाली.

"मलाही नाही, बाळा," मी म्हणाले.